भैया, फॉर्म भरायचाय

देपालपुरात बारावीचा निकाल लागला की पेढ्यांचा पुडा सुटायच्या आत एक प्रश्न येतो. मार्क किती पडले, हा तो प्रश्न नव्हे. मार्क गल्लीतल्या सगळ्यांनी रोल नंबर टाकून स्वतःच पाहिलेले असतात. पुढे काय शिकणार, हाही नव्हे. ते शिकणाऱ्यालाच अजून माहीत नसतं. प्रश्न असतो, "अप-डाउन करणार की रूम घेणार?"

इंदूर इथून चाळीसेक किलोमीटर. हे अंतर मोठं खट्याळ आहे. रूम घेऊन राहावं तर लोक म्हणतात, पैसा उतू चाललाय. रोज जा-ये करावी तर म्हणतात, पोरीचे हाल मांडलेत. तसं शाळेतले मास्तर अप-डाउन करतात, तहसीलमधले बाबू करतात, बँकेतले साहेबही करतात. फक्त त्यांची दिशा उलटी. सकाळी देपालपूरची तरुण मंडळी शिकायला इंदूरकडे निघतात आणि इंदूरची शिकलेली मंडळी पगाराला देपालपूरकडे. हातोदच्या आसपास दोन्ही बसा एकमेकींना ओलांडतात आणि कुणीच कुणाकडे पाहत नाही, कारण दोन्हीकडचे झोपलेले असतात.

माझ्या बहिणीचं सासर देपालपूरचं. होळकरांच्या राज्यात हा परगणा होता. कचेरीच्या, वसुलीच्या कामाने आलेली काही मराठी घरं इथे रुजली ती रुजलीच. संस्थान गेलं, कचेरी गेली, घरं राहिली. पुरणपोळी आणि दाल-बाफले या दोन्हींवर सारखाच हक्क सांगणारी ही माणसं. त्यांच्या मराठीत मुलगी कॉलेजला जात नाही, ती "जाऊन राहिली" असते. पुण्याच्या पाहुण्यांना याचं हसू येतं. आम्हाला पुण्याच्या पाहुण्यांचं येतं.

तर या घरातली माझी भाची बारावी झाली आणि बीएस्सी करायचं म्हणाली. मामा इंदूरला आहेच, तर मुलीने मामाकडे राहावं, असा एक ठराव आला. मामाच्या दोन खोल्या आठवल्यावर तो आला तसा परत गेला. "पुण्याला पाठवा, तिथे आपली माणसं आहेत," असं तिचे आजोबा म्हणाले. तिथे आपलं कोण आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "का? सगळे मराठीच ना?" शेवटी पहिलं वर्ष अप-डाउन, पुढचं पुढे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. म्हणजे सगळे गप्प बसले.

मध्य प्रदेशात कॉलेजचं दार कॉलेजात नसतं, ते एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर असतं. एक संगणक, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं यंत्र आणि काउंटरपलीकडे एक तरुण, ज्याला गावातल्या प्रत्येक घराची जन्मतारीख, जात, उत्पन्न आणि पासवर्ड ठाऊक. ई-प्रवेशच्या पोर्टलवर आधी रजिस्ट्रेशन, मग कागदांचं सत्यापन, मग चॉइस फिलिंग, मग पहिली फेरी, दुसरी फेरी आणि ज्यांचं कुठेच जमलं नाही त्यांच्यासाठी सीएलसी, म्हणजे कॉलेजपातळीवरची फेरी. मूळ निवासी, आय प्रमाणपत्र, टीसी आणि समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारच्या दप्तरातला ओळखक्रमांक. मूळ निवासीसाठी लोकसेवा केंद्रात जायचं. आमच्या पाहुण्यांच्या चार पिढ्या इथल्या मातीत राबल्या, तरी आपण इथलेच आहोत हे दर वेळी नव्याने सिद्ध करायचं.

मराठी घराची एक जादा अडचण असते. आपल्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी परंपरा. इकडे नाव आणि आडनावात काम भागतं. परिणामी माझी भाची सरकारदरबारी तीन मुली आहे. समग्रवरच्या मुलीच्या नावात वडील आहेत, आधारवरच्या मुलीच्या नावात ते नाहीत आणि मार्कशीटवरच्या मुलीच्या आडनावात स्पेलिंगचं एक अक्षर जास्तीचं पडलं आहे. तिघी एकाच घरात राहतात, एकीलाच आई म्हणतात, पण पोर्टलच्या मते त्यांची एकमेकींशी ओळख नाही.

कागद हातात असूनही माणूस खरा न ठरण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. महर्षी कर्वे लहानपणी मुरूडहून घाट चढून, पायपीट करत साताऱ्याला परीक्षेसाठी गेले आणि तिथल्या कमिटीने, तू वयाने लहान दिसतोस, असं सांगून त्यांना परत पाठवलं. दाखला होता, पण चेहरा दाखल्याशी जुळत नव्हता. ते पुढे शंभरी ओलांडून जगले. वय दिसत नाही म्हणणाऱ्यांना इतकं सविस्तर उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

शिष्यवृत्तीची गंमत तर त्याहून सरस. इकडे "गाँव की बेटी" नावाची योजना आहे. गावातल्या शाळेतून साठ टक्क्यांच्या वर गुण मिळवून बारावी झालेल्या मुलीला कॉलेजात महिना ५०० रुपये, वर्षातले दहा महिने. भाचीच्या आईने अर्ज आणला. कियोस्कवाल्याने तो न वाचताच परत दिला. देपालपूर नगर परिषद आहे, गाव नाही. मग शहरातल्या मुलींसाठीची "प्रतिभा किरण" होती. ती दारिद्र्यरेषेखालच्यांना, आणि यांच्या नावावर थोडी सोयाबीनची जमीन. म्हणजे योजनेच्या लेखी देपालपूर शहर, आणि इंदूरच्या कॉलेजात पाऊल टाकल्यावर पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरची मुलगी विचारणार, "तू गाँव से आती है क्या?"

विषय निवडण्याचा दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी मेव्हण्यांचा फोन आला होता. २०२१पासून इथे नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यामुळे आता नुसतं "बीएस्सी करते" म्हणून भागत नाही. मेजर असतो, मायनर असतो, इलेक्टिव्ह असतो, फाउंडेशन असतं आणि वर व्होकेशनल. भाचीने मेजर वनस्पतिशास्त्र घेतलं, मायनर रसायन. इथवर मेव्हणे गप्प होते. व्होकेशनलमध्ये तिने जैविक खेती घेतली आणि त्यांचा बांध फुटला. "अहो, गांडूळखत शिकायला ही रोज इंदूरला जाऊन राहिली! तिला म्हणावं, मागच्या दारी खड्डा आहे, उतर त्यात, फी घेणार नाही." मी त्यांना समजावलं की खड्ड्यात उतरल्याने क्रेडिट मिळत नाहीत. ते म्हणाले, "आम्हाला तर उधारीवर बियाणं मिळतं, ते कशाने?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

देवी अहिल्या विश्वविद्यालय हे आमच्या इंदूरचं विद्यापीठ. १९६४ साली स्थापन झालं तेव्हा ते नुसतं इंदूर विद्यापीठ होतं. अहिल्याबाईंचं नाव १९८८मध्ये लागलं. त्याचे दोन परिसर आहेत, एकाचं नाव नालंदा, दुसऱ्याचं तक्षशिला. नाव ठेवणाऱ्याचा हेतू उदात्त होता यात शंका नाही, पण नव्या मुलाचा काय गोंधळ होतो तो पाहा. रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या नालंदात कचेऱ्या आहेत, खंडवा रोडवरच्या तक्षशिलेत विभाग. प्राचीन काळी विद्यार्थी तक्षशिलेहून नालंदाला जायला काही महिने घेत असेल. आता रिक्षाने अर्धा तास, आणि पोचल्यावर एखादी झेरॉक्स तक्षशिलेतच राहिल्याचं आठवतं.

भाचीला कॉलेज मिळालं ते याच विद्यापीठाशी जोडलेलं, सरकारी, भंवरकुआँपासून फार लांब नसलेलं. नाव सांगत नाही. तिला अजून तिथे परीक्षा द्यायच्या आहेत. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. मामा म्हणून जाणं भाग होतं आणि उत्सुकताही होती. फाटकाच्या आत, कडुनिंबाखाली दोन टेबलं समोरासमोर मांडलेली होती. दोन्हींवर कापड, दोन्हींवर स्टेपलर, दोन्हींमागे बॅनर, आणि बॅनरवर नव्या विद्यार्थ्यांचं सारखंच हार्दिक स्वागत. एक टेबल विद्यार्थी परिषदेचं, दुसरं एनएसयूआयचं. पहिली संघटना १९४९ची, दुसरी १९७१ची. म्हणजे टेबलामागच्या पोरांच्या आजोबांनीही अशाच टेबलामागे उन्हं काढली असणार.

भाची बिचकेल असं मला वाटलं होतं, पण ती देपालपूर तहसिलीतली. त्यांच्याच गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाचं युद्ध होतं. हिंगोट नावाचं फळ पोखरायचं, वाळवायचं, आत दारू भरायची आणि पेटवून समोरच्या गटावर फेकायचं. गौतमपुऱ्याचा गट तुर्रा, पलीकडच्या रुणजीचा कलंगी. वर्षभर एकमेकांच्या लग्नांत जेवणारी माणसं एक संध्याकाळ एकमेकांवर आग फेकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला मोकळी. कलगीतुरा म्हटलं की आपल्याला शाहिरांचे सवालजवाब आठवतात. तिकडे त्याला ढाल लागते. दोन टेबलं पाहून भाची एवढंच म्हणाली, "मामा, फॉर्म दोन्हीकडे तोच आहे. जिथे सावली आहे तिथे बसू."

सावलीतल्या टेबलामागे भैया होता. अशा प्रत्येक टेबलामागे एक भैया असतो आणि तो शिकत असतो. किती वर्षं, हे विचारायचं नसतं. याचं एक एमए झालं होतं, दुसरं चालू होतं आणि तिसऱ्या विषयाचा विचार पक्का होत आला होता. खिशात दोन पेनं, एक लिहायचं आणि एक द्यायचं. त्याने भाचीची फाइल घेतली, पत्ते पिसावेत तसे कागद पिसले आणि त्यांचा क्रम लावला. वर काय, खाली काय, कशाच्या दोन प्रती, कशावर सही राहिली. "फोटो चिकटवू नको, टाचू नको, नुसता घाल. खिडकीवरचे सर स्वतः चिकटवतात, त्यांना दुसऱ्याचा डिंक चालत नाही." मग खिडक्यांचा भूगोल. फी कुठे, टीसी कुठे, कोणती खिडकी जेवणाच्या सुट्टीआधीच जेवायला जाते, कोणत्या मॅडम आधी रागावतात आणि मग स्वतःच फॉर्म दुरुस्त करतात. माहितीपुस्तिकेत यातलं एक अक्षर नव्हतं. पुस्तिकेत प्राचार्यांचा संदेश होता.

ॲण्टी-रॅगिंगचं शपथपत्रही त्यानेच भरून दिलं. २००९मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरुद्ध नियम केले तेव्हापासून मुलाने आणि पालकाने दोघांनी लिहून द्यायचं असतं. मेव्हण्यांनी लिहून दिलं की माझी मुलगी कुणाला छळणार नाही. सही करताना ते तिच्या आईकडे पाहत होते, असं मला बहिणीने सांगितलं.

तासाभरात काम झालं. भाचीने "थँक यू भैया" म्हटलं. भैयाने मोबाइल काढला, तिचा नंबर घेतला आणि सेव्ह केला. मी डोकावून पाहिलं, नावापुढे "देपालपूर, बॉटनी, फर्स्ट इयर" असं लिहिलं होतं. मतदारयादी इतकी व्यवस्थित मी पाहिलेली नाही. त्या रात्रीच ती एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होती. त्यात वेळापत्रक आलं, परीक्षेच्या फॉर्मची तारीख आली, जुने पेपर आले. आणि मधूनमधून हेही आलं: उद्या अकरा वाजता ज्ञापन, म्हणजे निवेदन, द्यायला सगळ्यांनी उपस्थित राहावं. कशाबद्दलचं ज्ञापन, ते तिथे गेल्यावर कळेल.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. भैयाने मदत केली ती खरीच. त्याच्याशिवाय तिचा दिवस त्या खिडक्यांपुढे गेला असता. पण मदत झाली आणि लगेच एक अदृश्य वही उघडली गेली, जिच्यात भाचीच्या नावावर काहीतरी मांडलं गेलं. पहिल्या ज्ञापनाला ती गेली. दुसऱ्याला तिचा प्रॅक्टिकल होता तरी गेली. "भैयांनी फॉर्म भरून दिला होता ना," असं म्हणाली.

ही वही आपल्याकडे फार जुनी. शिकायला गावाबाहेर पडलेल्या मराठी मुलाला आधार कोणाचा? वार लावून जेवायचं. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी आपट्यांकडे, कुठला वार नाही मिळाला तर माधुकरी. कित्येक मोठ्या माणसांची चरित्रं या वारांवर उभी आहेत. पण त्याच चरित्रांत, कुणाच्या घरी पान वाढायला उशीर झाला, कुणी ताटात काय वाढलं नाही, कुणी चारचौघांत आठवण करून दिली, हेही लिहून ठेवलेलं सापडतं. पन्नास वर्षांनी. पोट भरलं होतं, वही मिटली नव्हती. १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली. खेड्यातून आलेल्या मुलांना वसतिगृह द्यायचं आणि त्या मुलांनीही तिथलं काम वाटून करायचं. ज्याने झाडू मारला तो जेवताना मान वर ठेवू शकतो. मला त्यातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

इंदूरला या बाबतीत एक मानाची उधारी आहे. खंडव्याहून एक मुलगा स्वातंत्र्याच्या आगेमागे इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकायला आला. तोही बाहेरगावचा, होस्टेलवर राहणारा, वर्गापेक्षा कॅण्टीनमध्ये जास्त. जाताना म्हणे कॅण्टीनवाल्याचे पाच रुपये बारा आणे देणं राहिलं. तो मुलगा किशोर कुमार. आणि १९५८च्या 'चलती का नाम गाडी'तल्या एका गाण्यात ही रक्कम अजरामर झाली, असं इंदुरात कुणीही शपथेवर सांगेल. कॅण्टीनवाल्याला पैसे मिळाले का, याची चौकशी कुणी करत नाही. पण माझ्या मते बाहेरून आलेल्या मुलाचा खरा संघ तो कॅण्टीनवाला. त्याने नंबर घेतला नाही, ग्रुपमध्ये घातलं नाही, ज्ञापनाला बोलावलं नाही. वहीत लिहिलं, आणि ती वही निदान डोळ्यांना दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, भैया आहे, टेबल आहे, तर निवडून आलेला छात्रसंघ कुठे आहे? त्याची हकिकत हसण्यासारखी नाही, म्हणून लवकर सांगतो. २००६च्या ऑगस्टमध्ये इथून जवळच, उज्जैनच्या माधव कॉलेजात छात्रसंघाच्या निवडणुकीवरून वाद झाला, प्राध्यापकांना मारहाण झाली आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल त्यात गेले. खटला नागपूरला चालला, २००९मध्ये सगळे आरोपी सुटले. मध्य प्रदेशातल्या प्रत्येक प्राचार्याच्या मनात ती घटना आजही आहे. महाराष्ट्रात तर त्याआधीच, मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाल्यानंतर, १९९४च्या कायद्याने खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६च्या कायद्याने पुन्हा परवानगी दिली, मुहूर्त मात्र लागत नाही. आमच्याकडे २०१७च्या ऑक्टोबरात निवडणुका झाल्या, त्याही आडवळणाच्या: आधी वर्गाचे प्रतिनिधी, मग त्यांच्यातून पदाधिकारी. त्यानंतर सगळं शांत.

निवडणुका कशा घ्याव्यात याचे नियम मात्र तयार आहेत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने ते २००६मध्येच दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने लागू केले. उमेदवाराला जास्तीत जास्त ५००० रुपये खर्च, छापील पोस्टर नाही, हाताने रंगवलेलं चालेल, हजेरी ७५ टक्के, विषय राहिलेला नसावा. हे मी भैयाला मुद्दाम वाचून दाखवलं, कारण दुसऱ्या भेटीत आमची चांगली ओळख झाली होती. हजेरीच्या कलमावर त्याने मान हलवली. विषय राहिलेला नसावा यावर तो आकाशाकडे बघू लागला. ५००० रुपयांवर मात्र तो खरोखर दुखावला. "अंकल, इंदुरात पाच हजारात तर पोह्यांवर शेव पण नाही पडणार." गंमत अशी की "गाँव की बेटी"चे वर्षाचेही तेवढेच होतात. त्यात एका मुलीचं वर्ष काढायचं असं सरकारला वाटतं, आणि त्यातच उमेदवाराने निवडणूक काढावी असं समितीला. दोघांनाही कुणी हिशोब विचारलेला दिसत नाही.

भाचीचा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये एमएस्सी करतो. व्हिडिओ कॉलवर तो तिथल्या स्टुडंट्स युनियनचं वर्णन करत होता. पहिल्या आठवड्यात कापडी पिशवी, फुकट पिझ्झा, सत्तर प्रकारच्या क्लबांची टेबलं. क्विडिचचासुद्धा एक क्लब. हे सगळं ऐकून इकडे कुणी हललं नाही. मग तो म्हणाला की घरमालकाने डिपॉझिट अडवलं तेव्हा युनियनच्या सल्ला केंद्रातल्या बाईंनी पत्र लिहून दिलं आणि पैसे परत आले. इकडे मेव्हणे पुढे सरकून बसले. "मग? त्या बाईंना काय द्यावं लागलं?" काही नाही, त्यांचं कामच ते. "बरं, मग मोर्चाला जावं लागलं?" नाही. "मत?" मत दिलं, पण कुणाला दिलं ते त्या बाईंना माहीत नाही, त्या नोकरीला आहेत. निवडून येतात ते वेगळे. वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून पूर्ण वेळ युनियनचं काम करतात आणि त्याचा पगार घेतात. एडिंबरामध्ये १८८४ सालीच विद्यार्थ्यांची प्रतिनिधी सभा सुरू झाली होती, हेही त्याने कुठूनतरी वाचून सांगितलं.

अभ्यास बाजूला ठेवून काम करणारे आपल्याकडेही आहेत, असं मला सारखं वाटत होतं. फक्त आपल्याकडे वर्ष एक नसतं आणि पगारही नसतो. म्हणून तर वही ठेवावी लागते. भैयाला मी दोष देत नाही. त्याला कुणी निवडलेलं नाही, काढूही शकत नाही. त्याच्याकडे ना खोली, ना कपाट, ना पैसा. आहे ते एक टेबल, तेही संध्याकाळी मंडपवाल्याला परत जातं. त्याची कमाई एवढीच की चार मुलं त्याला ओळखतात. तेवढी कमाई तो जपणारच.

निवडून आलेल्या संघाची उणीव मध्य प्रदेशात दुसऱ्याच कुणीतरी भरून काढली आहे. त्याचं नाव १८१. ही मुख्यमंत्र्यांची हेल्पलाइन. नळाला पाणी नाही, खंबा वाकलाय, रेशन आलं नाही, सगळं तिथे. पोरांनी तिचा शोध लवकर लावला. शिष्यवृत्ती अडकली, १८१. मार्कशीटवर नाव चुकलं, १८१. तक्रार पायरीपायरीने वरच्या साहेबाकडे सरकत जाते आणि खालच्या साहेबाच्या नावापुढे ती थकबाकी दिसते. त्यामुळे एका कचेरीतून भाचीच्या मैत्रिणीला चक्क फोन आला. तोपर्यंत तिच्याकडे मान वर करून न पाहिलेले बाबू फोनवर गोड आवाजात म्हणत होते, "बेटा, काम हो जाएगा, तुम बस संतुष्ट हो जाओ." कारण तक्रार बंद करायची तर "संतुष्टिपूर्वक बंद" अशी नोंद लागते. काम नंतर झालं, संतुष्ट ती आधीच झाली होती. बाबूंचा आवाज ऐकूनच.

पण १८१लाही सगळं जमत नाही. दसऱ्यानंतर भाचीच्या बॅचचा रसायनाचा प्रॅक्टिकल दुपारी तीन ते पाच लागला. पाचला प्रयोगशाळेतून सुटायचं, भांडी धुवायची, जर्नलवर सही घ्यायची, गंगवाल बसस्टँड गाठायचा. तोवर सोयीची बस गेलेली. पुढची मिळाली तरी देपालपुरात उतरेपर्यंत अंधार. डिसेंबरात तर हातोदलाच अंधार. बहिणीने रूम पाहायला सुरुवात केली. दुसऱ्या एका मुलीच्या घरी त्याहून सोपा उपाय निघाला: कॉलेजच बंद.

भाचीने ग्रुपवर टाकलं नाही. बसमध्ये बोलली. त्या बसमधून रोज येणाऱ्या मुली ती ओळखत होतीच. कोण कुठल्या कॉलेजात, कुणाचा पास कधी संपतो, कुणाला खिडकीजवळ न बसल्यास उलटी होते, एवढी ओळख. तिच्या कॉलेजातल्या, त्याच बॅचमधल्या, देपालपूर आणि हातोदच्या सगळ्या मिळून एका बाकावर मावतील इतक्या निघाल्या. त्यांनी हातोद ते गांधीनगरच्या दरम्यान अर्ज लिहिला. अक्षर हलत होतं. "सेवा में, श्रीमान प्राचार्य महोदय" पासून "प्रार्थी" पर्यंत सगळं रीतीप्रमाणे, आणि मध्ये एकच मागणी: आमचा प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचशी बदलून द्या. खाली सह्या, आणि प्रत्येकीच्या सहीपुढे तिची बस आणि ती घरी पोचण्याची वेळ. ही कल्पना हातोदच्या मुलीची. मला ती फार आवडली. मागण्या सगळेच करतात, वेळापत्रक कुणी जोडत नाही.

कडुनिंबाखाली भैया होताच. अर्ज पाहून त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, हे असं नुसतं द्यायचं नाही. बॅनर करू, "छात्राओं की सुरक्षा" असं लिहू, सोमवारी शंभरेक पोरं आणतो, एक पत्रकारही ओळखीचा आहे. भाचीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भैया, सोमवारी आमचा टेस्ट आहे. आज स्टेपलर द्या ना फक्त."

त्याने दिला. वर पिनांची डबीही दिली, आणि प्राचार्यांच्या खोलीबाहेर बसणारे शिपाईकाका तीन वाजता दूध आणायला जातात, त्याआधी गाठा, असंही सांगितलं.

अर्ज प्राचार्यांकडून "यथोचित कार्यवाही हेतु" असा शेरा घेऊन विभागप्रमुखांकडे गेला, तिथून प्रयोगशाळेत गेला. प्रयोगशाळेतल्या मॅडम स्वतः धारहून अप-डाउन करणाऱ्या. त्यांनी सह्यांपुढच्या वेळा वाचल्या, स्वतःचा मोबाइल काढून काहीतरी हिशोब केला आणि सकाळच्या बॅचमधल्या भंवरकुआँला रूम करून राहणाऱ्या मुलांना दुपारी ढकललं. ती मुलं थोडी कुरकुरली. त्यांना सकाळी झोपायला मिळणार आहे हे लक्षात आल्यावर गप्प झाली.

त्या संध्याकाळी भैयाच्या स्टेटसवर एक फोटो झळकला. कडुनिंब, टेबल, टेबलावर अर्जाची झेरॉक्स आणि मागे हात जोडून उभा भैया. खाली लिहिलं होतं, "ग्रामीण छात्राओं के संघर्ष की ऐतिहासिक जीत." भाचीने मला तो बसमधूनच पाठवला. तू काय उत्तर दिलंस, असं मी विचारलं.

"अंगठा दिला," ती म्हणाली. "आणि लिहिलं, भैया, पिनांची डबी आमच्याकडे राहिली आहे, उद्या आणून देते."